नकार देणारा मेल सर्व्हर

कंपनीचा मेल नव्या सर्व्हरवर हलवला की पहिल्याच दिवशी बहुतेक वेळा एक संदेश भेटतो: ‘५५४ ५.७.१, रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’. ग्राहकाची ऑर्डर त्याच्याकडेच परत गेलेली असते आणि ऑफिसातले फोन वाजू लागतात. सर्व्हर सांभाळणारा तो संदेश इंटरनेटवर शोधतो, कुणीतरी सुचवलेली एक ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये चिकटवतो आणि मेल सुरू होतात. चार-दोन दिवसांनी रांगेत हजारो अनोळखी मेल साचलेले दिसतात. सर्व्हरचा आयपी पत्ता ब्लॅकलिस्टवर गेलेला असतो आणि कंपनीचे खरे मेलही आता कुणी घेईनासं होतं.

पहिल्या दिवशीचा तो नकार हा बिघाड नव्हता. मिळालेल्या माहितीवरून सर्व्हरनं योग्य तेच उत्तर दिलं होतं; माहितीच चुकीची किंवा अपुरी होती. रिलेच्या, म्हणजे दुसऱ्याचा मेल पुढे पाठवण्याच्या, आणि व्हर्च्युअल डोमेनच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी सर्व्हरनं नेमकं कशाला नाही म्हटलं, ते नीट वाचायला हवं.

दारावरचे दोन प्रश्न

हाउसिंग सोसायटीचा चोख वॉचमन दोनच गोष्टी पाहतो: हा माणूस इथला रहिवासी आहे का, आणि नसेल तर इथल्या कुणाकडे आला आहे का. मेल सर्व्हरही तेच विचारतो. पाठवणारा विश्वासातला असेल तर त्याचा मेल जगात कुठेही पोहोचवायचा. अनोळखी असेल तर फक्त आपल्याकडच्या डोमेनसाठी आलेला मेल घ्यायचा. अनोळखी माणसाचा, तिसऱ्याच ठिकाणी जाणारा मेल पुढे ढकलणारा सर्व्हर म्हणजे ओपन रिले.

त्यामुळे निदानाचा पहिला प्रश्न साधा आहे: अडलेला मेल आत येत होता की बाहेर जात होता? ग्राहकानं आपल्याला पाठवलेला मेल अडला असेल, तर ते डोमेन आपलं आहे हेच सर्व्हरला माहीत नाही. आपल्या कर्मचाऱ्यानं बाहेर पाठवलेला मेल अडला असेल, तर सर्व्हरनं त्या कर्मचाऱ्याला ओळखलेलं नाही. दोन्ही वेळा संदेश अक्षरशः तोच येतो, पण दुरुस्तीच्या जागा वेगळ्या असतात.

हा निर्णय सर्व्हर कोणता पत्ता पाहून घेतो? दोन सर्व्हरांचं संभाषण एसएमटीपी या नियमांनुसार चालतं. त्यात आधी ‘मेल फ्रॉम’ आणि ‘आरसीपीटी टू’ या ओळींत पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता सांगितला जातो, आणि ‘डेटा’ म्हटल्यावर मजकूर येतो. आपल्याला स्क्रीनवर दिसणारे ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ हे त्या मजकुराचाच भाग असतात. रिलेचा निर्णय होतो तो आधीच्या ‘आरसीपीटी टू’वरून. ‘मेल फ्रॉम’मध्ये कुणीही कुणाचंही नाव घालू शकतो. म्हणून ‘आमच्या डोमेनच्या नावानं येणारा मेल जाऊ द्या’ असा नियम केला, की सर्व्हर खुला झालाच म्हणून समजा.

एके काळी सगळेच खुले

जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात एसएमटीपीचे नियम मांडले, तेव्हा दुसऱ्याचा मेल पुढे नेणं हा शेजारधर्म होता. मेल कोणकोणत्या यंत्रांमार्गे जावा, त्यांची यादी पत्त्यातच देण्याची सोय त्या नियमांत होती. सगळी यंत्रं एकमेकांना थेट जोडलेली नसल्यानं दुसरा इलाजही नव्हता. भारतात १९८० च्या दशकाच्या अखेरीस अर्नेट या शैक्षणिक-संशोधन नेटवर्कमधल्या संस्थांचे मेल टेलिफोन लाइनवरून मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत जमा होत आणि तिथून परदेशी जात. रिले नसती तर ते जुहूच्या पुढे गेलेच नसते.

पुढच्या दशकात जाहिरातबाजांनी ही सोय हेरली. मेलची एकच प्रत परक्या सर्व्हरला द्यायची, सोबत शेकडो पत्त्यांची यादी जोडायची. वाटपाचा खर्च आणि बदनामी त्या सर्व्हरच्या माथी. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या मॅप्स या उपक्रमानं स्पॅमला हातभार लावणाऱ्या आयपी पत्त्यांची काळी यादी चालवायला घेतली. १९९८ मध्ये सेंडमेल या तेव्हाच्या सर्वांत प्रचलित सॉफ्टवेअरनं ८.९ आवृत्तीपासून रिले मुळातच बंद ठेवली. फेब्रुवारी १९९९ च्या आरएफसी २५०५ नं अनधिकृत रिले रोखता येणं ही प्रत्येक मेल सर्व्हरकडून अपेक्षा असल्याचं नोंदवलं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे सहसंस्थापक जॉन गिलमोर यांच्यासारखे मोजके लोक मुक्त संवादाच्या तत्त्वापोटी आपला सर्व्हर खुला ठेवत राहिले. बाकी जगानं दारं लावून घेतली.

ओळख कशी पटवायची?

इथून पुढची उदाहरणं पोस्टफिक्सची आहेत. वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात लिहिलेलं हे सॉफ्टवेअर डिसेंबर १९९८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि आज लिनक्स सर्व्हरांवर ते सर्रास भेटतं.

पोस्टफिक्स पाठवणाऱ्याला दोन प्रकारे ओळखतं. पहिला प्रकार आयपी पत्त्याचा. ‘मायनेटवर्क्स’ या यादीत असलेल्या पत्त्यांवरून आलेला मेल पासवर्ड न विचारता पुढे जातो. दुसरा प्रकार पासवर्डचा. घरून, गाडीतून, मोबाइलवरून मेल पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता दर वेळी बदलतो, त्यामुळे त्यानं पोर्ट ५८७ किंवा ४६५ वर लॉगिन करूनच पाठवायचं. पोर्ट २५ हे सर्व्हरांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीसाठी आहे. कर्मचाऱ्याचा मेल अडत असेल तर बहुतेक वेळा त्याच्या मोबाइलमध्ये पोर्ट २५ भरलेलं असतं, किंवा ‘पाठवताना लॉगिन आवश्यक’ ही खूण राहून गेलेली असते. दुरुस्ती त्याच्या मोबाइलमध्ये करायची, सर्व्हरला हात लावायचा नाही.

घाईत नेमकं उलटं होतं. कर्मचाऱ्याचा त्या दिवशीचा आयपी पत्ता ‘मायनेटवर्क्स’मध्ये घातला जातो. दुसऱ्या दिवशी पत्ता बदलला की पूर्ण रेंज घातली जाते, आणि त्या रेंजमध्ये त्याच इंटरनेट कंपनीचे असंख्य अनोळखी ग्राहक असतात. पोस्टफिक्स स्वतःही पूर्वी आपल्या सबनेटमधल्या, म्हणजे नेटवर्कच्या त्याच तुकड्यातल्या, सगळ्या यंत्रांवर आपोआप विश्वास ठेवत असे. क्लाउडमध्ये सबनेटमधला शेजारी कोण असेल, याचा नेम नसतो. २०१५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून नव्या सेटिंगमध्ये हा विश्वास स्वतःच्या यंत्रापुरताच उरला.

आणखी एक फसवी जागा कंटेनर किंवा प्रॉक्सीची. मेल सर्व्हर त्यांच्या मागे असेल आणि पाहुण्याचा मूळ पत्ता पुढे पाठवण्याची व्यवस्था नसेल, तर जगभरातून येणारं प्रत्येक कनेक्शन सर्व्हरला आतल्याच एका आयपी पत्त्यावरून आल्यासारखं दिसतं. तो पत्ता ‘मायनेटवर्क्स’मध्ये असला की यादी वरवर निर्दोष दिसूनही सर्व्हर खुला झालेला असतो.

आणखी एक चूक इतकी वारंवार होई की पोस्टफिक्सनं तिच्यासाठी रचनाच बदलली. पूर्वी स्पॅम रोखण्याचे आणि रिले रोखण्याचे नियम एकाच यादीत असत. कुणाला स्पॅमच्या तपासणीतून सूट दिली, तर रिलेच्या बंदीतूनही नकळत सूट मिळे. २०१३ च्या २.१० आवृत्तीत रिलेच्या नियमांची वेगळी यादी आली. त्या यादीचा मूळ नियम ५५४ ऐवजी ४५४ असा आकडा देतो. पाचानं सुरू होणारा नकार कायमचा असतो. चारानं सुरू होणारा तात्पुरता असतो, म्हणून पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. आपली चूक वेळेत सुधारली तर ग्राहकाचा मेल उशिरा का होईना, पोहोचतो.

एक डोमेन, एकच यादी

आता दुसरा प्रश्न: घेणारा आपल्याकडचा आहे का? एका सर्व्हरवर एकच डोमेन असेल तर उत्तर सोपं. पण समजा, चिपळूणच्या एका मसालेवाल्याची दोन डोमेन आहेत, एक मसाल्याचं आणि एक त्याच्या लॉजचं. दोन्हींवर ‘इन्फो’ हा पत्ता आहे. दोन्ही डोमेन ‘मायडेस्टिनेशन’ या यादीत घातली तर सर्व्हर दोन्ही ‘इन्फो’ एकच मानतो, कारण या यादीतल्या डोमेनना वापरकर्ते सामाईक असतात. मग खोलीचं बुकिंग आणि मिरचीपुडीची ऑर्डर एकाच मेलबॉक्समध्ये पडतात.

व्हर्च्युअल डोमेनची गरज इथे लागते. पोस्टफिक्सकडे ‘आपलं’ म्हणण्याच्या चार तऱ्हा आहेत. ‘मायडेस्टिनेशन’मधलं डोमेन सर्व्हरच्या स्वतःच्या वापरकर्त्यांचं. ‘व्हर्च्युअल अलायस’ डोमेनमध्ये मेलबॉक्स नसतात. प्रत्येक पत्ता दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेला असतो. ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स’ डोमेनमध्ये प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र मेलबॉक्स असतो, पण त्यासाठी लिनक्सवर खातं उघडावं लागत नाही. ‘रिले डोमेन’चा मेल घ्यायचा आणि दुसऱ्या ठरलेल्या सर्व्हरकडे सोपवायचा. या चारांत नसलेलं प्रत्येक डोमेन परकं.

नियम एवढाच की एका डोमेनचं नाव यांपैकी एकाच यादीत हवं. बिघाड होतो तो नाव कुठेच नसलं म्हणजे, किंवा दोन ठिकाणी असलं म्हणजे. कुठेच नसेल तर बाहेरून येणाऱ्या मेलला रिलेचा नकार मिळतो. डीएनएसमधली एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी) आपल्याकडे बोट दाखवत असली, तरी सर्व्हर तेवढ्यावर डोमेन आपलं मानत नाही. त्याच परिस्थितीत विश्वासातल्या माणसानं त्या डोमेनला मेल पाठवला तर सर्व्हर तो बाहेर पाठवू पाहतो, एमएक्स विचारतो आणि उत्तरात स्वतःचाच पत्ता मिळतो. मग लॉगमध्ये ‘मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ’ असं दिसतं.

नाव दोन ठिकाणी असलं की ‘यूजर अननोन’ येतो. मेलबॉक्स तर डोळ्यांसमोर असतो, म्हणून माणूस गोंधळतो. अशा वेळी वाक्याचा शेवट वाचावा. ‘इन लोकल रेसिपियंट टेबल’ असं असेल तर सर्व्हर पत्ता ‘मायडेस्टिनेशन’च्या हिशेबानं शोधतो आहे, डोमेन तिथून काढायचं. ‘इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल’ असं असेल तर डोमेन योग्य यादीत आहे आणि तो एक पत्ताच तक्त्यात सापडत नाही. कित्येकदा पत्ता फाइलमध्ये लिहिलेला असतो, पण फाइलवरून डेटाबेस बनवणारी ‘पोस्टमॅप’ ही आज्ञा चालवायची राहिल्यामुळे सर्व्हर जुनाच डेटाबेस वाचत बसतो.

लहान उद्योगांना सर्वांत जास्त छळणारी चूक मात्र जुन्या सर्व्हरवर असते. मेल मोठ्या क्लाउड सेवेकडे हलवला, वेबसाइट जुन्या होस्टिंगवरच राहिली. जगभरातून मेल व्यवस्थित येतात, फक्त वेबसाइटच्या चौकशी-फॉर्मचे मेल पोहोचत नाहीत. होस्टिंगचा सर्व्हर ते डोमेन अजूनही आपलंच समजतो, एमएक्स विचारतच नाही आणि मेल आपल्याकडच्या जुन्या, कुणीही न उघडणाऱ्या मेलबॉक्समध्ये टाकतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ते डोमेन ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट’ केलं की चौकश्या पोहोचू लागतात.

देवनागरी डोमेनला एक जास्तीची काळजी लागते. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ डोमेन सुरू झालं आणि मराठीत पत्ता घेणं शक्य झालं; पोस्टफिक्समध्ये ३.० आवृत्तीपासून अशा पत्त्यांचे मेल चालतात. पण त्या नावाची दोन रूपं असतात, एक देवनागरी आणि एक ‘एक्सएन’नं सुरू होणारं रोमन. यादीत नाव शोधताना पोस्टफिक्स एकाचं दुसऱ्यात रूपांतर करत नाही. म्हणून दोन्ही रूपं त्याच एका यादीत लिहावी लागतात.

दुरुस्ती तपासताना

सेटिंगची फाइल वाचत बसण्यापेक्षा ‘पोस्टकॉन्फ -एन’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे मूळ सेटिंगवर आपण कोणते बदल करून ठेवलेत ते दिसतं. मग मेल लॉगमध्ये अडलेल्या मेलची ओळ शोधावी. कनेक्शन कुठून आलं, पत्ता कोणता होता आणि नकार कोणत्या शब्दांत दिला, हे सगळं तिथे असतं. चाचणी सर्व्हरवर बसून करू नये. सर्व्हरचा स्वतःवर कायम विश्वास असतो, त्यामुळे तिथून केलेली रिलेची चाचणी नेहमी पास होते. बाहेरच्या जोडणीवरून, लॉगिन न करता, एका परक्या पत्त्यावरून दुसऱ्या परक्या पत्त्याला मेल देऊन पाहावा. तो नाकारला गेला तरच दुरुस्ती झाली.

‘डोमेनवर कोणत्याही नावानं आलेला मेल घ्या’ ही कॅच-ऑलची सोयही शक्यतो टाळावी. ती स्पॅमवाल्यांनी बनवलेले सगळे पत्ते खरे ठरवते. सगळे मेल आपोआप बाहेरच्या सेवेकडे वळवण्यातही धोका आहे: मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्याच्या डोमेनच्या नावानं मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांच्या यादीत, आपला सर्व्हर नसतो, त्यामुळे पलीकडचा सर्व्हर त्या मेलकडे संशयानं पाहतो.

अपघातानं उघडी राहिलेली रिले आता पूर्वीइतकी सापडत नाही. तिची जागा चोरलेल्या पासवर्डनं घेतली आहे. सर्व्हरच्या लेखी तो विश्वासातलाच माणूस असतो, म्हणून त्याचा स्पॅम बिनदिक्कत बाहेर जातो. लॉगमधल्या लॉगिनच्या नावावरून असं खातं ओळखता येतं, आणि दर खात्याला दर तासाची मर्यादा घातली तर नुकसान आवरतं. पण विश्वासाच्या याद्या अधूनमधून माणसानंच वाचाव्या लागतात: सोडून गेलेल्यांची खाती, विकलेली डोमेन, जुन्या ऑफिसचा आता भलत्याच कुणाकडे गेलेला आयपी पत्ता. सर्व्हर आपण लिहून ठेवलेल्या नावांवर स्वतःहून कधीच शंका घेत नाही.