परदेशी कायद्याचे पत्र आणि पंधरा दिवस



आपले अनेक ज्येष्ठ सभासद वर्षानुवर्षे पीआरवरच राहिले आहेत. भारताचा पासपोर्ट सोडवत नाही. भावना समजते. पण गुन्हा शाबित झाल्यास कॅनडाच्या नागरिकाला हद्दपार करत नाहीत, पीआरधारकाला करता येते.

१८ डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवणे हा 'गंभीर गुन्ह्यां'त मोडतो. शिक्षा नुसती दंडाची झाली तरी पीआर धोक्यात येते. गोळ्यांच्या गुंगीत गाडी चालवणेही यात येऊ शकते, हे डॉक्टर म्हणून मुद्दाम सांगतो.

निर्णय विरुद्ध गेला, तर फेडरल कोर्टात न्यायालयीन पुनरावलोकन मागता येते. अपिलाचा हक्क असेल तर आधी अपील. पुनरावलोकनात न्यायाधीश रोग्याला पुन्हा तपासत नाहीत; केस पेपर वाचून तपासणी नीट झाली का, एवढेच पाहतात.

जमैकाहून आलेल्या मेव्हिस बेकर यांची चार मुले कॅनडात जन्मलेली. अधिकाऱ्याच्या टिपणात त्यांच्या मानसिक आजाराविषयी पूर्वग्रह दिसला, मुलांच्या हिताकडे दुर्लक्ष झाले होते. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पण परवानगी स्वतः दिली नाही, फेरविचार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवला.

याउलट, २०१८ च्या हम्बोल्ट अपघातात १६ जण दगावले. ट्रकचालक जसकिरतसिंग सिद्धू यांच्यावर पूर्वीचा कोणताही गुन्हा नव्हता, पश्चात्तापही खरा होता. तरी डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने त्यांचा अर्ज फेटाळला आणि २०२४ मध्ये हद्दपारीचा आदेश निघाला.

म्हणून हे लक्षात ठेवावे:

१. पत्र हाती पडताच तारीख लिहून ठेवा. निर्णय कॅनडात झाला असेल तर मुदत १५ दिवस, बाहेर झाला असेल तर ६० दिवस.

२. अधिकाऱ्याच्या पहिल्या नोटिशीलाच सगळ्या कागदांसह उत्तर द्या: आजारपण, औषधोपचार, नातवंडांची देखभाल. राहून गेलेले कागद कोर्टात सहसा चालत नाहीत.

३. फेडरल कोर्टात इमिग्रेशन कन्सल्टंट तुमची बाजू मांडू शकत नाही; वकीलच लागतो.

४. नुसत्या अर्जाने हद्दपारी थांबेलच असे नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

लाजेपोटी असे पत्र कपाटात ठेवले जाते आणि मुदत निघून जाते. संकोच न करता मंदिर कार्यालयात या. नाव गुप्त राहील. ज्यांना शक्य आहे त्यांनी साहाय्यता निधीला यथाशक्ती हातभार लावावा. वकिलाच्या पहिल्या भेटीचा खर्च त्यातून भागला, तरी एखादे घर सावरेल.