अंतराळातील कापडाचा भाव

व्यापाराच्या पानावर व्हिडिओ गेमचे काय काम, असा प्रश्न वाचक विचारतील. काम असे आहे की १९८४ साली इंग्लंडात निघालेल्या ‘एलिट’ नावाच्या अंतराळयुद्धाच्या खेळात बाजारभावाचा एक तक्ता आहे. त्यात एकूण १७ जिन्नस आहेत. पहिला अन्नधान्य आणि दुसरा कापड. घरातली मुले तासन्‌तास अवकाशयाने उडवीत आणि गोळ्या झाडीत बसतात, हे आपण सारेच पाहतो व वैतागतो. पण या जातीच्या खेळांत एक खेळ असा होऊन गेला की ज्यात गोळीबार फक्त माल वाचविण्यापुरता आणि खरी कमाई दोन गावांच्या भावातील फरकाची. पुढे याच खेळाच्या नव्या अवतारासाठी लोकांनी माल तयार होण्याआधीच पैसे मोजले. म्हणून हा विषय आपल्या खिशाशीही येऊन भिडतो.

आधी थोडी मागची हकिकत. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ काढला. तोमोहिरो निशिकादो हे त्याचे कारागीर. वरून ११-११ च्या ५ रांगांत परग्रहवासी उतरत येतात आणि खालून आपण त्यांना टिपायचे. ते कमी होत जातात तसे उरलेले वेगाने धावू लागतात. मूळ कारण एवढेच की चित्रे कमी झाली की यंत्रावरचा भार हलका होई आणि ते भराभर चाले. निशिकादो यांनी ते तसेच राहू दिले आणि लोकांना तेच आवडले. हे यंत्र दुकानात ठेवलेले असे आणि एका डावाला १०० येनचे नाणे टाकावे लागे. यंत्रमालकाचा हिशोब उघड आहे. खेळणारा जितक्या लवकर हरेल तितक्या लवकर दुसरे नाणे पडेल. त्यामुळे तीन जीव, वाढते गुण आणि काही मिनिटांत खेळ खलास, हा रिवाज पडला. पुढे घरोघरी छोटे संगणक आले. त्यांना नाणे टाकायची फट नव्हती, तरी खेळ त्याच मापाचे निघत राहिले.

डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल हे केंब्रिज विद्यापीठातील दोन विद्यार्थी. त्यांनी हे माप मोडले. त्यांच्या खेळाला शेवट नव्हता आणि गुणही नव्हते. गुणांच्या जागी पैसा होता. हा नमुना घेऊन ते थॉर्न ईएमआय या कंपनीकडे गेले. कंपनीने माल परत केला. तिचे म्हणणे असे की डाव दहा मिनिटांत आटोपला पाहिजे, तीन जीव पाहिजेत आणि गुणांची मोजणी पाहिजे. बाजारात जे खपते तेच आणा, असे सांगणारे घाऊक व्यापारी आपल्याकडेही कमी नाहीत. मग अकॉर्नसॉफ्टने तो घेतला. ही ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक बनविणाऱ्या अकॉर्न कंपनीची शाखा. सप्टेंबर १९८४ मध्ये खेळ विक्रीला आला. हाच बीबीसी मायक्रो त्याच सुमारास भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून आपल्या देशातील शाळांतही पोहोचला होता.

या संगणकाची सारी स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. त्यातली काही पडद्याला आणि यंत्राच्या इतर कामांना जाई. उरलेल्या सुमारे २२ किलोबाइटमध्ये या दोघांनी ८ आकाशगंगा बसविल्या. प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २०४८ गावे. प्रत्येक गावाला नाव, राज्यव्यवस्था, उद्योग आणि बाजारभाव. एवढे सारे लिहून ठेवायला तेवढ्या जागेत वाव नव्हता. मग युक्ती काय? आपल्या मागवाल्या बांधवांना ती चटकन कळेल. जॅकार्डच्या मागावर नक्षी पुठ्ठ्याच्या थोड्या पट्ट्यांत असते आणि तीच फिरून फिरून शेकडो मीटर कापडावर उतरते. इथेही एका आकाशगंगेसाठी सहा बाइटचे बीज ठेवलेले आहे. त्यातले आकडे ठरावीक रीतीने एकमेकांत मिळवीत गेले की एकामागून एक ग्रह बाहेर पडतो, आणि दर वेळी तोच पडतो. या रीतीने ८ च्या कितीतरी पट आकाशगंगा काढता आल्या असत्या. पण फार झाल्या तर सगळे कृत्रिम आहे हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येईल, म्हणून अकॉर्नसॉफ्टने आठावर थांबायला लावले. गिऱ्हाइकापुढे किती ठाण उलगडायचे याची समज त्या मंडळींना होती.

आता बाजारात येऊ. सुरुवातीला खेळणाऱ्याच्या हाती १०० क्रेडिट आणि २० टन माल मावेल असे एक यान असते. तो उभा असतो ‘लेव्ह’ या ग्रहाजवळ. हा शेतीचा सधन ग्रह. जवळच ‘झाओन्स’ हा कारखानदारीचा ग्रह आहे. लेव्हला धान्य टनाला पावणेचार क्रेडिटच्या आसपास मिळते आणि झाओन्सला सातच्या आसपास विकते. कापड लेव्हला साधारण साडेसहा आणि झाओन्सला आठ-सव्वाआठ. उलट संगणक झाओन्सला ६८ च्या घरात आणि लेव्हला ९० च्या घरात.

पहिली खेप मांडून पाहू. धान्य घ्यावे, कारण मुद्दल जवळजवळ दुप्पट होते. पण लेव्हच्या बाजारात धान्य सोळा टनांच्या आसपासच शिल्लक असते. त्याचे ६० क्रेडिट झाले. यानात चार टनांची जागा राहते. तेवढे कापड भरावे, त्याचे २६. इंधनाची टाकी पूर्ण भरायला १४ क्रेडिट लागतात. म्हणजे बरोबर १०० झाले! झाओन्सला माल उतरविल्यावर १४५ च्या आसपास हाती येतात. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की कापड इथे रिकामी जागा भरण्याचा माल ठरले. टनामागे नफा जेमतेम दीड-पावणेदोन क्रेडिट. आमच्यासारख्या कापडवाल्याला हे वाचून बरे वाटत नाही, पण हिशोब चोख आहे.

दहा-पंधरा खेपांत मुद्दल हजाराच्या वर गेले की सारे गणित बदलते. आता पैसा पुरेसा आहे, अडचण जागेची आहे. धान्यात शेकडा नफा मोठा, तरी टनामागे सव्वातीन क्रेडिटच सुटतात. संगणकात शेकडा नफा त्याहून कमी, पण टनामागे बावीस क्रेडिट. वीस टनांचे यान ४४० क्रेडिट कमावते. भांडवल थोडे असताना शेकडा नफा पाहायचा आणि भांडवल वाढल्यावर गाडीतल्या प्रत्येक फुटाने काय दिले ते पाहायचे, हा धडा आमच्या पिढीने बिल्ट्या फाडता फाडता शिकला. विलायतेतील शाळकरी पोरे तो खेळता खेळता शिकली. पुढे ४०० क्रेडिट देऊन मालाची जागा ३५ टनांची करून घेता येते. हुशार खेळाडू बंदुकीच्या आधी हा खर्च करतो.

लढाई येते ती वाटेत. प्रत्येक ग्रहाची राज्यव्यवस्था आठांपैकी एका प्रकारची असते. जिथे बेबंदशाही आहे तिथे लुटारूंचे थवे फिरतात, तर जिथे कारभार नीट आहे तिथे वाट बरीच निर्धोक. यानावर सुरुवातीला हलकी लेझर तोफ आणि तीन क्षेपणास्त्रे असतात. चांगली तोफ हवी तर १००० क्रेडिट मोजा. लुटारू मारला तर बक्षीस मिळते, पण ते थोडे, आणि एका चकमकीत सारा माल व यान जाऊ शकते. जीव वाचविणारी कुपी १००० क्रेडिटला मिळते. तिने माणूस वाचतो, माल जातो. गुलाम, अमली पदार्थ आणि शस्त्रे हे जिन्नसही भावाच्या तक्त्यात आहेत. ते घेऊन निघाले की पोलिसांच्या दफ्तरी गुन्हेगार म्हणून नाव चढते. त्यांना हात न लावताही खेळ उत्तम चालतो.

सर्वांत जास्त नवखे मात्र लुटारूंच्या हातून मरत नाहीत. ते गोदीत मरतात. व्यापाराचे ठाणे स्वतःभोवती फिरत असते आणि त्याला पत्रपेटीच्या फटीसारखे एकच दार. आपले यान त्याच गतीने फिरवीत बरोबर फटीत घालावे लागते. जरा चुकले की धडक, आणि दूरवरून सांभाळून आणलेला माल दारातच खलास. हे काम आपोआप करणारे यंत्र १५०० क्रेडिटला मिळते. ज्यांनी बंदरात किंवा गोदामाच्या दारात माल भिजलेला पाहिला आहे त्यांना ही किंमत जास्त वाटणार नाही.

या बाजारात दोष आहेत. आपण कितीही माल ओतला तरी भाव पडत नाही. दर फेरीला तो थोडा वर-खाली होतो, पण तो नशिबाने, आपल्या सौद्याने नव्हे. आडत नाही, दलाली नाही, हमाली नाही. आणि उधारी मुळीच नाही! सगळा व्यवहार रोखीचा. हे वाचून काही वाचक त्या ग्रहावर दुकान टाकण्याचा विचार करू लागतील.

खेळ विकतानाही त्या दोन विद्यार्थ्यांनी डोके शाबूत ठेवले. अकॉर्नसॉफ्टकडे अकॉर्नच्या संगणकांपुरता खेळ दिला आणि इतर संगणकांसाठीचे हक्क आपल्याकडे राखले. पुढे एका दलालबाईंमार्फत त्या हक्कांची बोली लावली आणि ते ब्रिटिश टेलिकॉमच्या ‘फायरबर्ड’ या छापाकडे गेले. १९८५ साली इतर संगणकांवरचे अवतार आले. आपले छापकाम करणारे कारागीर एक नक्षी एका गिऱ्हाइकाला देताना ती कायमची देतात की एका हंगामापुरती, हे बोलूनही घेत नाहीत. त्यांनी हे लक्षात घ्यावे. नकला रोखण्यासाठी स्पेक्ट्रम संगणकाच्या पेटीत प्लॅस्टिकचे एक भिंग घातले होते. पडद्यावरची विसकटलेली अक्षरे त्यातून वाचली तरच खेळ सुरू होई. काही पेट्यांत चुकून भलतेच भिंग गेले आणि रोख पैसे देऊन घेणारी गिऱ्हाइके दाराबाहेर राहिली. पुढे ब्रेबेन आणि बेल या दोघांचेही पटेनासे झाले आणि जुन्या खेळाच्या हक्कांवरून वाद झाला.

आता बयाण्याची गोष्ट. नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्रेबेन यांच्या फ्रंटियर कंपनीने ‘एलिट डेंजरस’ या नव्या खेळासाठी ‘किकस्टार्टर’वर लोकांकडून आगाऊ पैसे मागितले. गरज १२.५ लाख पौंडांची सांगितली होती. २५ हजारांहून जास्त लोकांनी मिळून १५ लाखांच्या वर दिले. त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकेत क्रिस रॉबर्ट्स यांनी ‘स्टार सिटिझन’ या अंतराळयुद्धाच्या खेळासाठी तशीच हाक दिली होती. हे १९९० सालच्या ‘विंग कमांडर’ या गाजलेल्या खेळाचे कर्ते, म्हणजे दोघेही कारागीर नावाजलेले. त्यांच्याकडे पहिल्या दीड महिन्यातच ६० लाख डॉलरच्या वर जमा झाले.

एलिट डेंजरस १६ डिसेंबर २०१४ रोजी गिऱ्हाइकांच्या हाती पडला. नव्या बाजारात भाव सर्व खेळाडूंना सामाईक आहे. एकाच वाटेवर फार जण धावले की नफा पातळ होतो. जुना दोष गेला. कापडही आता वेगवेगळ्या जातींचे आहे, नैसर्गिक धाग्याचे निराळे आणि कृत्रिम धाग्याचे निराळे. पण इंटरनेटविना खेळता येईल असे जे आश्वासन होते ते विक्रीच्या एक महिना आधी मागे घेतले गेले. ज्यांनी त्या एका गोष्टीसाठी पैसे दिले होते ते चिडले आणि परताव्यावरून वाद पेटला.

स्टार सिटिझनची मुदतही २०१४ चीच होती. मुदत टळत गेली, तसतसा खेळ मोठा करण्याचे वायदे वाढत गेले. दरम्यान कंपनी यानेच विकू लागली. खेळातली ही याने खऱ्या डॉलरला विकली जातात, काहींची किंमत शेकड्यांत, आणि त्यांतली काही विकतेवेळी नुसत्या चित्रात होती. २०२२ साली जमा रक्कम ५० कोटी डॉलरच्या पुढे गेली. अर्धवट खेळ लोक खेळत आले आहेत आणि त्यांतले बरेच जण खूषही आहेत, हे सांगितले पाहिजे. परंतु २०२४ साल संपले तरी पूर्ण झालेला खेळ दुकानात आलेला नव्हता.

आम्ही स्वतः मागवाल्यांना बयाणा देतो आणि गिऱ्हाइकांकडून घेतोही, तेव्हा बयाण्यावर धंदा करण्यात गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. फरक पाहायचा तो इतकाच. एकाने मालाचे वर्णन करून बयाणा घेतला, माल दिला, आणि वर्णनातले एक कलम कमी भरले म्हणून त्याला जाब विचारता आला. दुसऱ्याकडे मालाचे वर्णनच वाढत राहिले, आणि पैसे येणे थांबत नसल्यामुळे मुदत पाळण्याची निकड उरली नाही. मुलगा ‘अब्बा, पन्नास डॉलरचे यान घ्यायचे आहे’ म्हणत मोबाइल पुढे करील, तेव्हा ते यान आज उडते की पुढे उडणार आहे, हे त्याला आधी विचारून घ्यावे.