तोल परततो तो चालल्याने

आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परगासारख्या गावातून माणूस कानाच्या ऑपरेशनला कलबुर्गीला किंवा सोलापूरला जातो, तो कमी ऐकू येतं किंवा कान वाहतो म्हणून. परतल्यावर उठताबसता भोवळ येऊ लागली की घरचे धास्तावतात. पण कान ऐकण्याइतकाच तोलाचाही अवयव आहे.

आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला लागूनच द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळली की द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि तिथल्या पेशी मेंदूला वळण कळवतात. कानातल्या रिकिबीच्या आकाराच्या हाडाच्या ऑपरेशनात या द्रवाच्या दाराशीच छिद्र पाडून मिलिमीटरहून बारीक पिस्टन बसवतात. त्या कानाचा निरोप काही दिवस बिघडतो, दोन कानांचं जुळत नाही आणि घर फिरल्यासारखं वाटतं. नुसता पडदा शिवला असेल, तर हा त्रास क्वचितच होतो.

व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धूत. गार पाण्याने चक्कर येई, गरम पाण्यानेही येई. डोळे मात्र उलट दिशेला उडत. पाणी अंगाइतकं कोमट असलं की काहीच होत नसे. तापमानामुळे नलिकेतला द्रव हलतो, हे त्यांनी ओळखलं. तोलाच्या या संशोधनाला १९१४चं नोबेल मिळालं. म्हणून कानात घालायच्या थेंबांची बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी. कानामागचं हाड कोरलं असेल, तर गार वाऱ्यानेही गरगरतं. मोटारसायकलवर कान झाकावा.

तोल कान, डोळे आणि पाय मिळून सांभाळतात. रात्री काळ्या भुसभुशीत रानात डोळे निकामी होतात, पायांनाही भरवसा राहत नाही. सगळा भार दुखऱ्या कानावर येतो. तेव्हा अंधारात बांधावरून जाणं, पोतं किंवा घागर उचलणं आणि विहिरीत पोहणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

मात्र अंथरुणाला खिळून राहू नये. चक्करेच्या गोळ्या पहिल्या दिवसांपुरत्या. लांबल्या तर मेंदूचं शिकणं मंदावतं. १९४०च्या दशकात लंडनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी अशा रुग्णांना डोळ्यांचे, मानेचे आणि चालण्याचे व्यायाम दिले. आजही तेच शिकवतात. डॉक्टरांनी मुभा दिली की उजेडात, कुणाचा तरी हात धरून, अंगणात चालावं.

चक्कर दिवसागणिक वाढली, ऐकू येणं घटलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एरवी अंगणातली प्रत्येक फेरी मेंदूला नव्या निरोपाचा अर्थ शिकवत असते.