घरगुती सागरी मत्स्यटाकी : उन्हाळ्यातील तापमान व क्षारतेचे व्यवस्थापन

शोभिवंत मत्स्यपालन म्हटले की गप्पी, मोली, एंजल, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातील मासे डोळ्यांपुढे येतात. आता समुद्रातील शोभिवंत मासेही घरगुती टाकीपर्यंत पोहोचले आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तामिळनाडूतील मंडपम केंद्रात विदूषक माशांचे, म्हणजेच क्लाउनफिशचे, बंदिस्त प्रजनन साध्य झाले. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर स्थानिक महिलांच्या हाती शोभिवंत कोळंबीचे संगोपन दिले. त्यामुळे प्रवाळ खडकांवरून मासे पकडून आणण्याची गरज कमी झाली असून, बीजोत्पादन केंद्रात जन्मलेली पिल्ले घरी किंवा लहान संगोपन गृहात वाढवणे शक्य झाले आहे.

अडचण येते ती पहिल्या उन्हाळ्यात. मासे वर येऊन धापा टाकतात, खाणे सोडतात, अंगावरील रंग फिका पडतो. पालक त्यास रोग समजतो, दुकानातून औषध आणतो आणि आधीच ताणाखाली असलेल्या माशांवर आणखी एक ओझे टाकतो. विस्तार कार्यकर्त्याकडे अशी तक्रार आली, तर औषधाचे नाव सांगण्यापूर्वी त्याने दोन प्रश्न विचारावेत : दुपारी चार वाजता पाण्याचे तापमान किती होते, आणि टाकीत रोज भर घातली जाते ती कोणत्या पाण्याची? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात अनेकदा मरतुकीचे कारण दडलेले असते.

एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. यालाच दर हजारी ३५ क्षारता म्हणतात. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर ती साधारणपणे ३५ ते ३६ असते. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचे पाणी मिसळत असल्याने ती बरीच कमी आढळते. क्लाउनफिशसाठी ३० ते ३५ क्षारता आणि २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान समाधानकारक ठरते. नेमका कोणता आकडा निवडला यापेक्षा तो स्थिर राहतो की नाही, याला अधिक महत्त्व आहे. समुद्राचे पाणी तापायला आणि निवायला आठवडे लागतात. शंभर लिटरच्या टाकीत तेच एका दुपारी घडते.

आपल्या घरातील माठ हा या विषयाचा उत्तम शिक्षक आहे. माठातून पाणी पाझरते, बाहेरच्या पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि आतले पाणी थंड होते. काही महिन्यांनी त्याच माठाच्या बाहेर पांढरे क्षार फुटलेले दिसतात. पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले. सागरी टाकीतही नेमके हेच होते. फरक एवढाच, की येथे मागे राहिलेले क्षार माशांच्या भोवतीच साठतात.

हिशेब करून पाहू. शंभर लिटर पाण्यात ३५ क्षारतेला सुमारे ३.६ किलोग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडते. पाच दिवस भर घातली नाही, तर ९० लिटर पाण्यात तेवढेच क्षार राहतात आणि क्षारता ३९ च्या घरात जाते. याहून गंभीर चूक म्हणजे, ‘मासे खाऱ्या पाण्याचे आहेत’ म्हणून भरही खाऱ्या पाण्याची घालणे. अशा भरीतून रोज सुमारे ७० ग्रॅम क्षार वाढत जातात. पाण्याची पातळी बिनचूक दिसत राहते आणि दहा दिवसांत क्षारता ४२ च्या आसपास पोहोचते. पातळी उत्तम असल्याने कोणाला शंकाही येत नाही. म्हणून नियम असा, की उडून गेलेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या, क्षारमुक्त पाण्याने करावी. खारे पाणी फक्त टाकीतील जुने पाणी काढून बदलताना वापरावे. भरीसाठी आर.ओ. यंत्राचे पाणी चांगले. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम व नायट्रेट दर भरीबरोबर साठत जाते, त्यामुळे ते टाळावे.

माशाच्या दृष्टीने पाहिले, तर समुद्रातील अस्थिमय माशांच्या शरीरद्रवाची क्षारता समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश असते. सभोवतालचे खारट पाणी त्याच्या शरीरातील पाणी सतत ओढून घेत असते. पाण्यात राहूनही तो कायम तहानलेला असतो, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतील विशेष पेशींद्वारे बाहेर टाकतो. या कामाला ऊर्जा लागते. क्षारता वाढली की काम वाढते. त्याच वेळी तापमान वाढले, तर शरीरक्रियांचा वेग आणि प्राणवायूची गरज वाढते, आणि पाण्यातील प्राणवायू मात्र घटतो. ३५ क्षारतेच्या पाण्यात २५ अंशांना दर लिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना ६.२ मिलिग्रॅम. गोड्या पाण्यात ३० अंशांनाही हा आकडा ७.५ च्या आसपास असतो. गोड्या पाण्यातील टाकीचा अनुभव घेऊन सागरी टाकीकडे वळणाऱ्याने ही तफावत ध्यानात घ्यावी. तेवढ्याच पाण्यात तेवढेच मासे ठेवण्याचा हिशेब येथे चालत नाही. शिवाय सागरी टाकीचा सामू ८.१ ते ८.३ असल्याने आणि तापमानाबरोबर अमोनियाचे विषारी रूप वाढत असल्याने, उन्हाळ्यात उरलेले खाद्य अधिक घातक ठरते.

मीठ आणि समुद्र

खेड्यापाड्यांतून हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : खडे मीठ पाण्यात घालून समुद्राचे पाणी करता येईल का? उत्तर नाही, असेच आहे. ज्यांनी मिठागर पाहिले आहे, त्यांना त्याचे कारण लगेच उमजेल. मिठागरात पाणी आटू लागले की आधी चुन्याचे क्षार व जिप्सम खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मीठ ओढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियम व पोटॅशियम राहून जाते. म्हणजे आपल्या हाती येणारे मीठ हा समुद्राचा एक भाग असतो, संपूर्ण समुद्र नव्हे. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम व जवळपास तितकेच पोटॅशियम असते. मिठाच्या पाण्यात उपकरण ३५ दाखवील, पण मासा फसणार नाही.

याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण हरियाणात आहे. तेथील खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवताना क्षारता पुरेशी असूनही कोळंबी तग धरत नसे, कारण त्या पाण्यात पोटॅशियमची कमतरता होती. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने केलेल्या कामातून पोटॅशच्या मात्रेने ही उणीव भरून काढता येते हे दिसले. शेतकऱ्याला परिचित असलेले म्युरेट ऑफ पोटॅश तेथे तलावात जाते. घरगुती टाकीत मात्र असे प्रयोग करू नयेत. बाजारात मिळणारे तयार सागरी क्षारमिश्रण वापरावे, ते वेगळ्या बादलीत क्षारमुक्त पाण्यात विरघळवून २४ तास हवा द्यावी आणि मोजमाप करूनच टाकीत घालावे. कोरडे क्षार थेट टाकीत टाकू नयेत. किनाऱ्यालगतच्या पालकांनी नैसर्गिक पाणी आणायचे असल्यास खाडीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी घ्यावे; पावसाळ्यात कोकणच्या खाड्यांतील क्षारता फार खाली येते.

मोजमाप

हायड्रोमीटर स्वस्त असतो, परंतु तो तापमानाला बांधलेला असतो. ३५ क्षारतेच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व २५ अंशांना १.०२६४ असते. २५ अंशांसाठी आखलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या पाण्यात सोडला, तर तेच पाणी सुमारे १.०२४८ दाखवते, म्हणजे क्षारता दोनने कमी भासते. पालक मग क्षार वाढवतो. उन्हाळ्यात, जेव्हा क्षारता आधीच चढलेली असते, तेव्हाच उपकरण उलट दिशेची चूक करते हे विशेष. उपकरणावर कोणते तापमान छापले आहे ते पाहूनच वाचन घ्यावे.

रिफ्रॅक्टोमीटर अधिक सोयीचा. त्याचेही दोन प्रकार मिळतात, आणि यातील स्वस्त उपकरणे बहुधा समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, तर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असतात. अशा उपकरणात खरी क्षारता ३५ असताना वाचन ३६.५ च्या आसपास येते. केवळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून ही चूक जात नाही. घरच्या घरी पडताळणी करायची असल्यास शुद्ध, आयोडीनविरहित मीठ ३६.५ ग्रॅम आणि शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम, दोन्ही वजन करून, द्रावण तयार करावे. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ क्षारतेच्या समुद्री पाण्याइतका असतो. त्यावर उपकरणाचा काटा ३५ वर आणावा. हे द्रावण फक्त उपकरणापुरते आहे, टाकीसाठी नव्हे. बहुतेक उपकरणांतील तापमान दुरुस्तीची सोय ३० अंशांपर्यंतच काम करते. तेव्हा विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी घेतलेल्या वाचनावर विसंबू नये. सकाळी मोजावे आणि थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबावे.

या सर्वांहून स्वस्त व भरवशाचे साधन म्हणजे टाकीच्या काचेवर रंगाने काढलेली पातळीची रेघ. रोज ठरावीक वेळी त्या रेघेपर्यंत गोडे पाणी भरणारा पालक महागड्या उपकरणाशिवायही बरीच मजल मारतो.

क्षारता चढलेली आढळल्यास घाई करू नये. पातळी खाली गेली असेल, तर गोड्या पाण्याची भर दोन-तीन हप्त्यांत घालावी. पातळी बरोबर असूनही क्षारता ३९ असेल, तर शंभर लिटरमागे सुमारे दहा लिटर पाणी काढून तेवढे गोडे पाणी घालावे लागते. तेही दोन दिवसांत विभागून. उतरलेली क्षारता वाढवताना दिवसाला एक-दोन एककांपेक्षा अधिक वाढ नको, कारण क्षारता घटणे मासा एक वेळ सोसतो, वाढणे त्याला जड जाते. समुद्रफूल (ॲनिमोनी) व इतर अपृष्ठवंशीय प्राण्यांना मात्र दोन्ही दिशांचे बदल सोसत नाहीत; त्यांच्या टाकीत ३५ हीच क्षारता राखावी. फक्त मासे असलेल्या टाकीसाठी आमची पसंती उन्हाळ्यात ३२ ते ३३ ला आहे. चुकून एखादी भर राहिली तरी थोडी सवलत हाती राहते.

उष्णता कमी करताना

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. ती सर्व टाकीतूनच घेतली गेली, तर शंभर लिटर पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात भोवतालची उष्णता परत येत असल्याने फरक कमी पडतो, तरी पृष्ठभागावर तिरपा झोत देणारा लहान पंखा हे सर्वांत किफायतशीर साधन होय. येथे एक गमतीची गोष्ट आहे. कोकणापेक्षा नागपूर-अकोल्याकडे पंखा अधिक चांगले काम करतो. ४५ अंशांची कोरडी हवा पाणी झपाट्याने शोषते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ३४ अंशांनाही बाष्पीभवन मंदावते आणि पंखा नुसताच फिरतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असणे या एका बाबतीत लाभाचे ठरते. मात्र जेवढी थंडाई, तेवढे पाणी उडाले हे विसरू नये. विदर्भातील पालकाने रेघेकडे दिवसातून दोनदा पाहावे.

दमट भागात टाकीत येणारी उष्णताच रोखावी लागते. २० वॅटचा पाण्यात बुडवलेला पंप २४ तासांत शंभर लिटर पाण्यात चार अंश तापमान वाढवण्याइतकी उष्णता सोडतो. त्याऐवजी टाकीबाहेर ठेवलेला हवेचा पंप वापरावा, काचेचे झाकण काढून जाळी बसवावी, दिवे रात्रीकडे सरकवावेत. पश्चिमेच्या भिंतीला टाकी लावू नये, हे खरे तर टाकी बसवण्यापूर्वीच सांगायला हवे. तातडीच्या वेळी घट्ट झाकणाच्या बाटलीत पाणी गोठवून ती टाकीत तरंगत ठेवावी. एक लिटरची बाटली शंभर लिटर पाणी सुमारे एक अंशाने उतरवते. सुटा बर्फ टाकू नये, त्याने क्षारताही उतरते.

हिवाळ्यात नाशिक-निफाडकडे हीटर लागतो. साधारणपणे दर लिटरला एक वॅट पुरतो. शंभर वॅटचा एक घेण्याऐवजी पन्नासचे दोन घ्यावेत. एकाचा नियंत्रक अडकून चालूच राहिला, तरी टाकी उकळत नाही.

नवीन मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, म्हणजे तापमान जुळते. क्षारता त्याने जुळत नाही. विक्रेत्याच्या पिशवीतील पाणी मोजावे आणि फरक असल्यास बारीक नळीने टाकीचे पाणी थेंबाथेंबाने पिशवीत सोडत तास-दीड तास द्यावा. प्रवाळ किंवा समुद्री घोडे कोणी देऊ केल्यास घेऊ नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण आहे.

भारनियमन झाल्यास प्रथम हवा सांभाळावी, तापमान नंतर. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा, तो नसल्यास तांब्याने टाकीतील पाणी वर घेऊन पुन्हा पुन्हा उंचावरून सोडावे आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये. वीज आल्यावर सर्वप्रथम पातळी, मग तापमान व क्षारता पाहून वहीत वेळेसह नोंदवावी. पुढच्या खेपेस विस्तार कार्यकर्त्याला तीच वही दाखवावी.