धानाची वंशावळ कशी जुळवावी?

चंद्रपूर व गडचिरोली हे धानाचे जिल्हे होत. नागभीड तालुक्यातील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळी दिसलेली रोपे निवडून पुढे एचएमटी हा वाण सिद्ध केला. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या वाणालाही नोंदणीचा हक्क दिला असल्याने वाणाचे मूळ जाणणे अगत्याचे आहे. डीएनएतील अक्षरक्रम ताडून ते शोधण्याच्या मुख्य पद्धती तीन.

(१) अंतर पद्धती : फरक मोजून कमी फरकाचे वाण जवळ मांडतात. काम झटपट होते. परंतु सर्व वाण सारख्याच वेगाने बदलले असे मानणारा तिचा जुना प्रकार फसतो. १९८७ च्या सुधारित रीतीत तसे मानावे लागत नाही.

(२) अल्पतम बदल पद्धती : ज्या वृक्षात सर्वांत कमी बदल मानावे लागतात, तो स्वीकारतात. एकच बदल दोन शाखांत स्वतंत्रपणे घडल्यास चूक संभवते.

(३) कमाल संभाव्यता पद्धती : प्रत्येक बदलाची शक्यता तोलून वृक्ष निवडतात. ही बहुधा अधिक भरवशाची; पण हिशेब फार.

तिन्हींचे उत्तर जुळल्यास विश्वास वाढतो. संकरातून आलेल्या वाणाची मुळे मात्र दोन असतात. तो एकाच फांदीवर बसत नाही. म्हणून नमुना घेताना गाव, बांधी व बियाणे कोणाकडून आणले, याची नोंद अवश्य ठेवावी.