दहावी-बारावीनंतर कुठे? तळेघर परिसरातले पाच गैरसमज

निकाल लागला की तळेघर, राजपूरपासून भीमाशंकरपर्यंत घरोघर एकच विषय असतो : पोराला, पोरीला कुठे घालायचं? निर्णय बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर होतो, आणि ती माहिती चुकीची निघाली तर मुलांची उमेदीची वर्षं वाया जातात. म्हणून नेहमी कानावर येणारे पाच गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : आयटीआय, डिप्लोमा केला की पुढचं शिक्षण बंद.
वस्तुस्थिती : दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट खुली असते. तिथे सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे मार्क धरले जातात. शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, दोन्ही आपल्याच आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला आहेत. जर्मनीत तर संशोधनप्रधान विद्यापीठांच्या बरोबरीने उपयोजित विज्ञानाच्या उच्चशिक्षण संस्था उभ्या आहेत आणि दोन्हींची बॅचलर पदवी समकक्ष आहे. काही अभ्यासक्रमांत विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कंपनीत शिकतो, शिवाय त्याला कंपनीकडून वेतनही मिळतं. हाताने शिकणं तिथे कमीपणाचं नाही. आपणही ते तसं मानू नये.

गैरसमज २ : पुण्याच्या कॉलेजची पदवी मोठी, गावाकडची लहान.
वस्तुस्थिती : घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरच्या संलग्न महाविद्यालयात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. केलं तरी पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच मिळते. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पण त्याचीही पदवी विद्यापीठच देतं. खरा धोका बोगस संस्थांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. बोगस विद्यापीठांची यादी आयोग जाहीर करतो. फी भरण्याआधी ती पाहावी.

गैरसमज ३ : मुक्त विद्यापीठाची पदवी चालत नाही.
वस्तुस्थिती : नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झालं. त्याच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते, स्पर्धा परीक्षांनाही चालते. शेती किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला हा मार्ग सोयीचा आहे. मात्र इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसीची पदवी दूरशिक्षणातून घेता येत नाही. कुणी तशी जाहिरात केली तर दूर राहावं.

गैरसमज ४ : पैसा नसेल तर मोठं शिक्षण नाही.
वस्तुस्थिती : अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी करावा लागतो. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही, तर पात्र विद्यार्थ्याला राहण्या-जेवणाचे पैसे पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून बँक खात्यात मिळतात. चौकशी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी.

गैरसमज ५ : जातीचा दाखला हातात आहे, म्हणजे राखीव जागा पक्की.
वस्तुस्थिती : व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. पडताळणी समिती आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, जुने महसुली कागद, रक्ताच्या नातेवाइकांची वैधता तपासते. १९५० पूर्वीच्या नोंदीला विशेष वजन असतं. हे कागद जमवायला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. चांगले मार्क पडूनही केवळ या कागदापायी जागा हुकली, तर त्यासारखं दुःख नाही.

कॉलेज ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात : अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची, त्यानंतर काम कोणतं मिळतं, आणि पुढे शिकायचं झालं तर प्रवेश कुठे मिळतो. ज्या ठिकाणी या तिन्हींचं उत्तर लेखी मिळेल, तिथेच मुलाचं नाव घालावं.