चाकातले बेअरिंग : ओळखा, आणि हंगामाआधीच बदला



बेणे, खत, पाणी, खोडवा यांवर आम्ही या पानातून नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. उसाच्या गाडीच्या चाकात बसणारे मुठीएवढे बेअरिंग, हा तो विषय. "शेतकी खात्याच्या माणसाला बेअरिंगशी काय करायचंय?" असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण एका रात्रीने आमचे डोळे उघडले. ती हकिकत आधी सांगतो.

गोदाकाठच्या एका गावी फड चालू होता. कालव्याची पाळी नुकतीच येऊन गेलेली, त्यामुळे गाडीवाट ओली. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या भरून तयार होत्या. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "साहेब, मागच्या ट्रॉलीचं डावं चाक डुगडुगायलंय. खोलून बघावं का?" आमच्या डोक्यात त्या दिवसाचा तोडणी कार्यक्रम. आम्ही म्हणालो, "आधी खेप टाका, सकाळी बघू."

रात्री डांबरी रस्त्यावर ते चाक निखळून बाजूच्या रानात गेले आणि ट्रॉली चारीत कलली. एरवी टोळीतल्या बाया-लेकरं भरल्या ट्रॉलीवर बसून कोपीवर जातात. त्या रात्री सगळे फडावरच मुक्कामाला होते, म्हणून कोणाला इजा झाली नाही. ऊस मात्र दुसऱ्या ट्रॉलीत भरून गव्हाणीत पडेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला पाहिजे, हे तुम्हाला सांगणारे आम्हीच. उशीर झाला की वजन घटते आणि साखर उताराही घटतो. वजन घटले ते त्या सभासदाचे, उतारा घटला तो आपल्या सर्वांचा. आणि चूक ड्रायव्हरची नव्हे, आमच्या शब्दाची.

गाडीसाठीच जन्मलेले बेअरिंग

ट्रॉलीच्या प्रत्येक हबमध्ये बहुधा दोन बेअरिंग असतात. आतल्या बाजूला मोठे, बाहेरच्या बाजूला लहान. त्यांतले रोलर सरळ नसून निमुळते असतात. अमेरिकेत घोडागाड्या बनविणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली या निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. वळणावर गाडीचे ओझे नुसते खाली दाबत नाही, ते चाकाला बाजूलाही रेटते. हे दोन्ही रेटे निमुळता रोलर पेलतो. आपल्या चाकोऱ्यांतून, खड्ड्यांतून कलत चालणाऱ्या ट्रॉलीला नेमके हेच लागते.

पण आपली काळी माती त्याची वैरीण आहे. ऑइल सील फाटले की चिखलाचे पाणी हबमध्ये शिरते, ग्रीस धुऊन जाते, गंज चढतो, आणि पुढचे सारे ओझे कोरड्या लोखंडावर पडते.

बिघाड कसा ओळखावा?

ट्रॉली रिकामी करून टणक जागी उभी करा. बाकीच्या चाकांना ओंडके लावा. ॲक्सलखाली जॅक लावून चाक उचला आणि खाली भक्कम ठोकळा ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. आधी चाकाचे नट आवळून बघा, कारण नट ढिले असले तरी चाक डुगडुगते. मग चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. ढिलाई जाणवली तर बेअरिंग ढिले तरी झाले आहे किंवा झिजले तरी आहे. चाक फिरवून कान द्या. खरखर, कटकट आली तर ते खोलायलाच हवे. खेपेनंतर हबजवळ हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल, किंवा चाकाच्या आतून लालसर पातळ ग्रीस गळत असेल, तर ती शेवटची सूचना समजावी.

बैलगाडीवाल्यांनीही हे ऐकावे. ट्रॅक्टर डिझेल जास्त पितो, ते खिशाला कळते. चाक जड झाले तर बैल सांगत नाही, नुसता ओढत राहतो.

नंबर वाचायला शिका

दुकानात जाऊन "ट्रॉलीचं बेअरिंग द्या" म्हणू नये. जुने बेअरिंग केरोसीनने धुवा, कडीच्या तोंडावर कोरलेला नंबर वाचा आणि तो कागदावर लिहून घ्या. उदाहरणादाखल तीन नंबर घेऊ : ६२०८, ३०२०८ आणि ३२२०८.

शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असले, तर त्यांना ५ ने गुणले की आतल्या भोकाचे माप मिलिमीटरमध्ये निघते. येथे ०८ गुणिले ५, म्हणजे ४० मिमी. तिन्हींचे भोक ४० मिमी आणि बाहेरचा व्यासही तिन्हींचा ८० मिमीच! मग फरक कुठे? ६२०८ हे गोळ्यांचे बेअरिंग, जाडी १८ मिमी. ३०२०८ हे निमुळत्या रोलरचे, जाडी १९.७५ मिमी. ३२२०८ तेही निमुळत्या रोलरचे, पण जाडी २४.७५ मिमी. भोक बघून आणले तर तिन्ही "बसतात". पण ३२२०८ च्या जागी ३०२०८ घातले तर ५ मिमीची पोकळी राहते आणि ओझे पेलण्याची ताकदही कमी पडते.

गोदामात पोती उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचेही असेच आहे. तिच्या उभ्या खांबांत फिरणाऱ्या बेअरिंगची बाहेरची कडी मुद्दाम जाड केलेली असते, कारण ती स्वतःच चाकासारखी पोलादी पन्हळीत धावते. तिथे त्याच भोकाचे साधे बेअरिंग घातले तर कडी तडकते. भोक जुळले म्हणजे बेअरिंग जुळले, असे नाही.

काही बेअरिंग इंची मापाची असतात. त्यांना पाचाचा हिशेब लागू पडत नाही. त्यांच्या कपावर एक आणि कोनावर दुसरा नंबर असतो. दोन्ही लिहून न्यावेत. नंबर घासून गेला असेल तर व्हर्निअरने भोक, व्यास व जाडी ही तिन्ही मापे घ्यावीत. माल सीलबंद खोक्यातला घ्यावा आणि पावती मागावी.

बदलताना

१. कप आणि कोन जोडीनेच बदला. जुन्या कपात नवा कोन फार दिवस टिकत नाही.

२. जुना कप पितळी पंचने चारी बाजूंनी थोडा थोडा ठोकून काढा. नवा बसवताना हातोडा थेट मारू नका, गॅसची ज्योतही लावू नका. पोलाद निळे पडले की त्याचा कठीणपणा गेला.

३. ॲक्सलवर कोनाची जागा झिजलेली असेल तर तिथे पंचचे टोचे मारून बेअरिंग घट्ट करू नका. हा उपाय चार दिवसांचा आहे. ॲक्सल लेथवाल्याकडे न्यावा.

४. तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या मधल्या फटींत दाबून भरा. हब मात्र गच्च भरू नये. तिसरा हिस्सा ते निम्मा पुरे. नाहीतर ग्रीस तापून सीलबाहेर येते.

५. ऑइल सील आणि स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीन घाला. जुनी पिन सरळ करून वापरण्यात काही रुपये वाचतात आणि चाक जाते.

६. चाक फिरवत फिरवत नट आवळा. चाक जड होताच नट एक खाच मागे घ्या आणि पिन घाला. चाक मोकळे फिरावे, पण डुगडुगू नये. पहिल्या खेपेनंतर हबजवळ हात नेऊन बघा आणि ढिलाई पुन्हा तपासा.

सभासदांनो, दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुऊन हार घालतो. यंदा हार घालण्याआधी ट्रॉलीची चारी चाके खोलून बघा. हंगामात खोलायला सवड नसते. फडात ऊस पडलेला, टोळी बसून, कारखान्याचा काटा मोकळा, आणि आपण दुकान उघडायची वाट बघत बसलेलो, हे दृश्य आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

आमच्या बाजूने एवढाच शब्द देतो. यापुढे कोणी ड्रायव्हर किंवा गाडीवान "साहेब, चाक डुगडुगायलंय" म्हणाला, तर "आधी खेप टाका" हे शब्द आमच्या विभागातून निघणार नाहीत.

— ऊस विकास अधिकारी